उंबऱ्यातल्या धाकट्या बाई

धाकट्या बाई वर्गात कधी बसल्या नाहीत. वर्गाला खुर्ची होती, टेबल होते. पण बाई शिकवत त्या उंबऱ्यात उभ्या राहून. एक पाय आत, एक व्हरांड्यात. पहिली-दुसरीची मुले दाराकडे तोंड करून पाढे म्हणत आणि फळा बिचारा एकीकडे राही. एकदा त्या रजेवर असताना मी त्यांच्या वर्गावर गेले आणि सहज खुर्चीत बसले, तर एक चिमुरडी काळजीने म्हणाली, "बाई, तुमी चुकलाय. बाईंनी दारात हुबं ऱ्हायाचं असतंय."

आष्ट्याच्या पुढे, उसाच्या मळ्यांत आमची वस्तीवरची शाळा. दोन खोल्या आणि दोन शिक्षिका. मी थोरल्या बाई. कोयनानगरहून शिक्षणसेवक म्हणून नव्याने आलेल्या, पंचविशीच्या आतल्या त्या धाकट्या बाई. त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती. "एवढी टिकली की मला दुसरं काही नको," असे त्या आल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. मला तेव्हा ते नव्या उमेदीचे बोलणे वाटले.

उंबऱ्याचे कारण पुढे कळले. एके सकाळी त्यांच्या वर्गातून "बाहेर!" अशी आरोळी आली आणि मुले आनंदाने मैदानात धावली. बाई लिंबाच्या बुंध्याला धरून उभ्या होत्या. चेहरा पांढरा, कपाळावर घाम.

"हाललं न्हवं, बाई?" घाबरल्या की त्यांची शाळेतली भाषा गळून पडे आणि घरची बोली वर येई.

"काही हलले नाही हो," मी म्हणाले.

"न्हाई कसं? माझ्या पायाखाली हाललं की."

त्यांनी तिथूनच आईला फोन लावला. "आई, हाललं का गं?" पलीकडून शांतपणे उत्तर आले, "हाललं आसंल बाई. मी भाकरी थापत हुते. तू भाईर हाईस न्हवं?"

कोयनेच्या वसाहतीतली ती रीत होती. तिथे जमीन वरचेवर हादरते, भांडी वाजतात, माणसे अंगणात येतात, "हाललं का?" "हाललं," एवढे बोलतात आणि पुन्हा चहाला लागतात. कुणी एक बाहेर आला की शेजारीही येतात. त्याला खोटे पाडायचे नाही, हा तिथला शिष्टाचार. त्यामुळे झाले असे, की कॉलेजात असल्यापासून ही मुलगी जमीन हादरते त्याहून कितीतरी अधिक वेळा अंगणात येत होती आणि अख्खी चाळ मायेने तिच्याबरोबर बाहेर येऊन उभी राहत होती. तिचा आजार कुणाला दिसलाच नाही. तो दिसायला तिला आमच्या स्थिर, काळ्या रानात यावे लागले.

इथे मात्र तो लगेच दिसला. "बाईंच्या अंगात भूकंप येतुया," असे पोरे घरी सांगू लागली. एका आजींनी लिंबू उतरवून टाकण्याचा सल्ला दिला. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले आमचे सुभेदार. ते मिशीवरून हात फिरवत मला म्हणाले, "थोरल्या बाई, पोरगी गुणाची हाय. पर लेकरं सोडून पळणारं मानूस ड्यूटीवर चालत न्हाई. पुढच्या मीटिंगला मी विषय घेणार." विषय घेतला असता तर नोकरी कायम होणे अवघड होते.

धाकट्या बाईंनी स्वतःच एक उपाय काढला. त्यांनी टेबलावर पाण्याने भरलेला पेला ठेवला. "आमच्याकडं असंच बघतात. पाणी हललं तर भुई हलली." दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत त्या माझ्या खोलीत आल्या. आवाज विलक्षण स्वच्छ होता.

"पानी गप हाय, बाई. आन् मी न्हाई."

एवढे बोलून त्या रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता कुणाला दाखवायचं ते सांगा."

शनिवारी आम्ही सांगलीला मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. प्रतीक्षेच्या बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र पार नाकाशी धरून बसले होते. नंबर पुकारला गेला, पत्र खाली आले आणि मागे आमचे सुभेदार निघाले.

"आवं बाई, तुमी हितं?"

"तुम्ही?"

"झोप येत न्हाई. लय वरसं झाली." त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "घरी गुडघा सांगितलाय."

"मी दात सांगितलाय," धाकट्या बाई म्हणाल्या, आणि त्या इमारतीत मी प्रथमच कुणाला मोठ्याने हसताना ऐकले. सुभेदार आत जाता जाता वळून म्हणाले, "गोळी सुरवातीला कायबी करत न्हाई. म्हून टाकून देऊ नका. मी टाकलीवती. लय वंगाळ."

त्यानंतरचे महिने सरळ गेले, असे मी म्हणणार नाही. कधी आठवडाभर त्या हसतमुख असत, कधी सकाळी एस.टी.तून उतरायलाच धजत नसत. भीती आली की पळायचे नाही, ती चढेल आणि आपोआप उतरेल, हे डॉक्टरांनी शिकवले होते. "सांगायला सोपंय वो," त्या म्हणत. पण बसून राहत. दिवाळीत भावाने बजावले, "गोळ्यांचं कुठं बोलू नगं, स्थळं बघतोय." तेव्हा त्यांनी काही दिवस गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सारे सोसले. नंतर त्यांनी भावाला कळवले, "दादा, आधी मी बरी हुते. मग स्थळाचं बघू."

आता त्या कायम होऊन बदलीवर गेल्या आहेत. पण मला आठवतात त्या दिवाळीनंतरच्या समितीच्या सभेतल्या. शाळेत सतरंजी अंथरली होती. सुभेदारांनी इतके महिने लांबवलेला धाकट्या बाईंचा विषय कुणीतरी काढताच ते घाईने म्हणाले, "त्यो मिटला. चहा सांगा."

"सुभेदार, थांबा. मला बोलायचंय," धाकट्या बाई उठून म्हणाल्या. त्या सावकाश, मुलांना समजावावे तशा बोलल्या. "मला भीतीचा आजार आहे. काही हलत नसताना मला हलल्यासारखं वाटायचं. म्हणून मी मुलांना बाहेर काढत होते. सांगलीला उपचार चालू आहेत. आता मी वर्ग सोडत नाही. पण तुमची मुलं माझ्याकडं आहेत, म्हणून तुम्हाला माहीत असावं."

सुभेदार मांडीवरच्या टोपीकडे पाहत होते. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, "पर बाई, प्वारांस्नी वाचाय येतंय न्हवं?"

"येतंय."

"मग आमाला काय करायचंय? साकर जास्त, रगत कमी, हरेक घरात कायतरी हायच की."

चहा झाला, मंडळी पांगली. दुसरीतल्या एका मुलीची आई तेवढी मागे राहिली. कुणी सांगितले नसताना ती सतरंजीची घडी घालत बसली. झालेली घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली. मग मान वर न करता म्हणाली, "बाई, सांगलीच्या त्या डाक्टरकडं जायाला गाडी कुठली?"

"कुणासाठी?" मी विचारले. तिने घडी पुन्हा मोडली. धाकट्या बाईंनी मला नजरेने थांबवले आणि तिच्याजवळ खाली बसल्या.

"शनिवारी सकाळची शाळा असती. सुटली की मी येते संगं."

त्या बाईने सतरंजी पोटाशी घट्ट धरली. "शनवार लय लांब हाय वो, बाई."

धाकट्या बाईंनी क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"मग आता चारची गाडी हाय," त्या म्हणाल्या. "थोरल्या बाई, शाळेला कुलूप तुम्हीच लावा." आणि तिचा हात धरून त्या उठल्या.