आबाजींचा मार्का आणि माझा प्रिंटर

चहा आधी संपवा, मग ऐका. नाहीतर नाकात गेला की मला बोल लावाल! नागपुरात कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके होते, तेव्हाची गोष्ट. त्यातला एक सदर भागातल्या आमच्या ऑफिसात होता आणि त्याच्यासमोर बसायचो मी. माझे पाय जमिनीला लागत नव्हते म्हणा ना!

त्याच भरात माझं लग्न जुळत आलं. मुलीचे वडील आबाजी, नरखेडकडचे संत्र्याचे बागायतदार. पत्रिका जुळली, पसंती झाली. फक्त हा पोरगा त्या डब्यासमोर बसून नेमकं करतो काय, हे आबाजींना कळेना. एक दिवस एस.टी.नं थेट ऑफिसातच हजर!

"काहून गा बाबू, हे मशीन काही कामाचं आहे का नाही?"

"तुम्ही काम तर सांगा, आबाजी!"

"मंग माह्या पेट्यांचे लेबल काढून दे. माल दिल्लीले चालला."

संत्र्याच्या पेटीवर बागायतदाराचा मार्का असतो. त्यावरूनच तिकडचा अडत्या माल कोणाचा ते ओळखतो. आबाजींच्या आजोबांचा मार्का होता इंग्रजी R. पुढे वाटणीत नुसता R गेला चुलतभावाकडे, रामरावांकडे. आबाजींनी मग त्यालाच एक तिरपी रेघ आणि सात जोडला: R\7. सातच का, हे विचारायची सोय नव्हती. वाटणीचं नाव काढलं की आबाजी भडकायचे, दोघा भावांचं बोलणंच बंद!

मी प्रोग्राम लिहिला. मार्का अवतरणचिन्हांत जसाच्या तसा टाकला, फाइल तयार केली, प्रिंटरकडे सोडली. फाइल एकदा उघडून बघायची? छे! ते नवशिक्यांनी करावं.

प्रिंटर खरखरला आणि ओरडला, "पीं!" पुढचं लेबल. "पीं!" पुन्हा "पीं!" अख्खं ऑफिस माना वळवून बघू लागलं.

"हे काहून कोकलून राह्यलं गा?" आबाजी दचकले.

मला काय माहीत! पण होणाऱ्या सासऱ्यासमोर 'माहीत नाही' म्हणायचं?

"लेबल बरोबर निघालं की तसं सांगतं ते," मी ठोकून दिलं.

"लई इमानदार आहे बाप्पा!"

आबाजी खूश. गठ्ठा न बघताच पिशवीत कोंबला आणि बस गाठायला पळाले. बागेत ट्रक उभाच होता. मजुरांनी लेबलं भराभर चिकटवली, माल रवाना!

काही दिवसांनी स्थळ आणणारे माझे मामा आले, तोंड पाडून.

"काय करून ठेवलं बे? पेट्यांवर नुसता R! माल यंदा एक नंबर निघाला आणि दिल्लीच्या बाजारात नाव झालं रामरावचं! पैसे अडत्यानं फिरवून देले, नाव कोण फिरवून देईन? आबाजी म्हणते, असा जावई नाही पाहिजे."

मी धावत साहेबांकडे गेलो. त्यांनी प्रोग्राम पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अरे, अवतरणात तिरपी रेघ एकटी आली की मशीन पुढचं छापत नाही, त्याला हुकूम समजतं. रेघ आणि सात म्हणजे 'घंटी वाजव'! रेघच छापायची तर ती दोनदा लिहायची."

म्हणजे ते बिचारं दर लेबलाला माझ्या नावानं बोंबलत होतं, आणि मी त्याची शाबासकी म्हणून ओळख करून देत होतो!

स्थळ गेलं. वाईट वाटलं हो, खरंच वाटलं. आईनं तर माझ्याशी बोलणंच टाकलं. आणि अशात एका सकाळी दारात कोण? रामराव, पेढे घेऊन!

"आबाजीनं सोडलं, त हे पोरगं आमचं! माह्या पोरीले पाहून घ्या."

पाहिली, आवडली, धूमधडाक्यात लग्न झालं. आणि माझा आत्मविश्वास? तो कुठं जातो! पहिल्याच हंगामात सासरी जाऊन छाती फुगवून सासऱ्यांना म्हणालो, "मामाजी, यंदा तुमची लेबलं मी काढतो. तुमचा तर नुसता R. चुकायला जागाच नाही!"

रामरावांनी दोन्ही हात जोडले.

"जावईबापू, पोरगी देली ना तुम्हाले? आता संत्री तरी राहू द्या!"