वीतभर अंतर आणि गोरखचिंच

खरं सांगायचं तर माझा त्यावर विश्वास नव्हता. मैंदर्गीजवळ माझ्या सासरच्या शिवारात एक गोरखचिंच आहे. हत्तीच्या अंगासारखं खोड, वय कुणालाच माहीत नाही. कुणी गोसाव्यानं जाताना काठी रोवली, तिचंच झाड झालं म्हणतात. घरात काही मोठं ठरलं की घरच्या पाच बायकांनी हात धरून त्याला कव घालायची, ही आमची रीत. कुणाच्या मनात अढी असली तर म्हणे हात पुरत नाहीत. मला पहिल्यापासून चौकशा फार. सासूबाईंना मी विचारलं होतं, "झाड काय फुगतं का हो?" त्या म्हणाल्या, "घालून बघ की."

यंदा ती वेळ आली. माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, यांचं सोलापुरात हृदयाचं ऑपरेशन ठरलं. पण कव घातल्याशिवाय दवाखान्यात पाऊल टाकणार नाही म्हणून अडून बसल्या. त्यांच्या दोन सुना, माझी लेक आणि त्या. पाचवी मीच लागणार. आणि आम्ही दोघी तर नऊ वर्षं बोलत नव्हतो. त्यांच्या लेकीच्या लग्नात माझी ओटी भरायची राहिली, एवढंच ते निमित्त.

शेवटी आम्ही पाचजणी झाडाशी गेलो. बाकी सगळ्यांचे हात जुळले. आम्हा दोघींमधे मात्र वीतभर अंतर उरलं. अक्कांचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "माजं जायाचं न्हाय दिसत." ही बाई आता खरंच घरी बसली तर?

तेवढ्यात शेळ्या राखणारी एक म्हातारी थांबली आणि आमच्याकडं बघून हसायलाच लागली. मला म्हणाली, "नवी साडी खराब हुईल म्हनून लांब हुबी हाईस व्हय गं अव्वा? गाल टेकव की झाडाला. आमी शेळ्या राखनाऱ्या चौघीत पुरतो."

मी खरंच अंग चोरून उभी होते. डोळे मिटले, गाल टेकवला. साल उन्हानं कोमट झालेली. बोटांना बोटं लागली आणि ती कुणीतरी घट्ट धरली. खोडाआडून अक्कांचा आवाज आला, "किती वाळलीस गं. जेवत न्हाईस का?"

नऊ वर्षांनी हे पहिलं बोलणं. मला रडू आवरेना. वळून पाहिलं तर म्हातारी शेळ्यांमागं लांब गेली होती. नाव विचारायचं राहिलंच.

अक्का आता बऱ्या आहेत. ते डॉक्टरांनी केलं की त्या गोसाव्यानं, हे एवढ्या चौकशा करणारी मी विचारत बसत नाही. झाड फुगत नाही, इतकं मात्र कळलं. देवापुढंसुद्धा आजवर मी अशीच साडी सांभाळत उभी राहिले असेन. परवा अक्कांकडं गेले होते. निघताना त्यांनी ओटी भरायला घेतली. मी पदर पुढं केला आणि मनातल्या मनात त्या म्हातारीला हात जोडले.