महिपती टांगेवाल्याची शिदोरी

मे महिन्यात लोणावळा स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागायची. त्या रांगेत महिपतीचा टांगा शोधायला कष्ट पडत नसत. गिऱ्हाईक नसतानाही जो टांगेवाला बोलत असे, तो महिपती. ऐकायला माणूस नसला तर त्याची रंभी नावाची घोडी होतीच, आणि सात वर्षांत तिनं त्याला एकदाही मधे तोडलं नव्हतं.

मुंबईची बिऱ्हाडं हवापालटाला यायची, महिनाभर बंगला घ्यायची आणि पोराबाळांसकट डोंगर बघायला निघायची. महिपती त्यांना वळवणचं धरण दाखवी, खंडाळ्याचा पॉइंट दाखवी, भुशीच्या तळ्यावर नेई. नागफणीचा सुळका किती उंच, असं कुणी विचारलं की सांगे, "मोजाया गेलेला सायेब अजून खाली आल्याला न्हाई." पण त्याची खरी हुशारी खाण्यात होती. कुठल्या धनगराचं ताक घट्ट, कुठल्या जाळीची करवंदं गोड, बाजारातल्या कुठल्या दुकानाची गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी दाताखाली कडकन वाजते, हे त्याला तोंडपाठ होतं. उपाशी पोर डोंगर बघत नाही, रडतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून आधी पोरांचं पोट आणि मग पॉइंट, हा त्याच्या टांग्याचा कायदा होता. खाण्याला नाही म्हणणारं पोर त्यानं पाहिलंच नव्हतं, निदान १९३६ सालच्या मे महिन्यापर्यंत तरी.

त्या महिन्यात शालू आली. आठ वर्षांची, गिरगावातल्या एका वकिलांची मुलगी. तिला मुदतीचा ताप येऊन गेला होता. ताप उतरला, पण जाताना तिची भूक बरोबर घेऊन गेला. आई लीलाबाई दिवसभर वाटी-चमचा घेऊन तिच्या मागं असत. पेज झाली, बार्लीचं पाणी झालं, मोसंब्याचा रस झाला. पोरगी दोन चमचे घेई आणि भिंतीकडे तोंड करी. तिच्या मनगटावरच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की आतडी अजून कच्ची आहेत, घट्ट काही पोटात गेलं तर ताप उलटेल, आणि उलटलेला ताप ही पोर सोसायची नाही.

पहिल्याच दिवशी टांग्यात बसता बसता लीलाबाईंनी सांगितलं, "महिपती, वाटेत हिला काही देऊ नका. करवंद नाही, गुडदाणी नाही. काहीही नाही."

"न्हाई बाईसाहेब. मला ठावं हाय."

ते त्याला खरंच ठाऊक होतं. त्याच्या थोरल्या भावाचा पोरगा असाच तापातून उठला होता. हट्टानं त्यानं शिळी भाकर खाल्ली. तिसऱ्या दिवशी ताप उलटला आणि आठव्या दिवशी पोर गेलं. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली होती, तरी भावाच्या घरात शिळ्या भाकरीला अजून कुणी हात लावत नसे.

दहा दिवस महिपतीनं त्या घराला हळूहळू फिरवलं. खड्डा आला की रंभीला चुचकारून पावलापावलानं चालवी. वाटेतली करवंदं दिसली की शालूचं लक्ष दुसरीकडे वळवायला काहीबाही बोले. मग एक दिवस वकीलसाहेबांनी कार्ल्याला जायचं ठरवलं. एकवीरा त्यांची कुलदेवता. मुलगी वाचली तर जोडीनं येऊन ओटी भरीन, असं लीलाबाई तापाच्या दिवसांत बोलल्या होत्या. शालूला पायऱ्या चढवणं शक्य नव्हतं आणि डोलीचे हेलकावे तिला सोसणार नव्हते. म्हणून ती पायथ्याशी आंब्याच्या सावलीत टांग्यातच झोपून राहिली. जाताना लीलाबाईंनी बार्लीच्या पाण्याचा थर्मास महिपतीच्या हातात दिला. "जागी झाली तर दोन घोट द्या. आम्ही दोन तासांत येतो."

ते दोघं वर दिसेनासे झाले. महिपतीनं रंभीपुढं गवत टाकलं, हातपाय धुतले आणि फडकं सोडलं. झुंबरबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, नाचणीच्या दोन भाकरी दिल्या होत्या, वर हुलग्याचं पिठलं आणि एक कांदा. कांदा त्यानं बुक्कीनं फोडला. त्या आवाजानं असेल नाहीतर पिठल्याच्या वासानं असेल, शालू जागी झाली आणि उठून बसली. बसल्या जागेवरून ती त्याच्याकडं बघायला लागली.

आता मावळात माणूस जेवायला बसला आणि कुणाची नजर वळली, की त्याच्या तोंडून 'या जेवायला' निघतंच. वाटसरूला म्हणतात, ओळखीच्याला म्हणतात, ज्या भावकीशी बांधावरून भांडण आहे तिलाही मान फिरवून का होईना, म्हणतात. समोरच्यानं 'बसा, बसा, चालू द्या' म्हणायचं आणि आपल्या वाटेनं जायचं. खरंच येऊन कुणी बसत नाही. महिपतीनं हे शब्द आयुष्यात हजारदा उच्चारले असतील. त्या दुपारीही ते त्याच्या तोंडून निघाले. मन त्यात नव्हतंच, नुसती जीभ बोलली.

"ये बाय, जेवाया."

शालू गिरगावची. उत्तर काय द्यायचं असतं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती टांग्याची दांडी धरून हळूच खाली उतरली, त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिनं हात पुढं केला.

महिपतीचा घास हातातच राहिला. चुकून म्हणालो, ऊठ, असं म्हणता आलं असतं. पण जेवायला बोलावलेल्या माणसाला शिदोरीवरून उठवायचं कसं? त्याच्या घराण्यात तसं कुणी केलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. त्यानं थर्मास पुढं केला. "ह्ये घे की, बाय. आईनं दिलंया."

"ते नको," शालू म्हणाली. "आजोबा, मला भूक लागलीय."

ताप आल्यापासून चाळीस दिवस जे शब्द ऐकायला तिची आई आसुसली होती, ते ऐकायचं या टांगेवाल्याच्या नशिबी आलं. त्यानं भाकरीचा वरचा पापुद्रा काढला, नखाएवढा, आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो खाल्ला आणि पुन्हा हात पुढं केला. मग थोडं पिठलं लावून एक तुकडा. मग आणखी एक. "बास आता," तो म्हणे आणि हात तुकडा मोडत राही. कांदा तेवढा त्यानं मांडीखाली दडवला. बघता बघता पाव भाकरी संपली. शालूनं बोटं चाटली, ढेकर दिला आणि टांग्यात जाऊन ती पुन्हा झोपली.

तेव्हा कुठं महिपतीला आपण काय करून बसलो ते उमगलं. उरलेली भाकर त्यानं तशीच फडक्यात गुंडाळली.

लीलाबाई प्रसाद घेऊन उतरल्या. थर्मास हलवून त्यांनी विचारलं, "काहीच घेतलं नाही ना हिनं?"

"न्हाई जी," महिपती म्हणाला. खोटं बोलण्याची सवय असलेला माणूस याहून बरं बोलला असता. परतीच्या सगळ्या वाटेवर त्यानं तोंड उघडलं नाही. वकीलसाहेबांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी टांगा निघालाच नाही. झुंबरबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "सगळ्या जगाला जेवाया बोलावताय, तवा ह्ये आज न्हाई उद्या व्हायचंच हुतं. आता तितं जाऊन सांगा."

"काय सांगू? तुमच्या पोरीला मी मारलं म्हनून?"

तिनं वाढलेलं ताट त्यानं बाजूला सारलं. दुपारी बंगल्यावरचा गडी वळवणात त्यांच्या दाराशी आला. महिपती गोठ्यात पेंढ्यामागं जाऊन आडवा झाला आणि जाता जाता बायकोला बजावून गेला, कामशेतला गेलाय म्हणून सांग. झुंबरबाईला खोटं बोलणं जमत नसे. ती गड्याला म्हणाली, "कामशेतला गेल्यात, आसं सांगाया सांगितलंय."

"साहेबांनी बोलावलंय. लगेच," गडी म्हणाला.

"पोरगी कशी हाय?"

"मला काय ठाऊक? सकाळपासून डॉक्टर दोनदा येऊन गेले."

पेंढ्यामागं महिपतीनं हे ऐकलं. त्याला भावाचं अंगण आठवलं, पोराला त्यात निजवलेलं.

तिसरा दिवस उजाडला, ताप उलटायचा दिवस. महिपतीनं रंभीला टांग्याला जोडायला घेतलं. तो भित्रा असेलही, पण दगाबाज नव्हता. काय व्हायचं असेल ते त्या आईच्या समोर उभं राहून ऐकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तो पट्टा आवळत होता तेवढ्यात दुसऱ्याचा टांगा दाराशी थांबला. त्यातून वकीलसाहेब उतरले, मागून लीलाबाई उतरल्या. शालू नव्हती.

महिपतीनं त्यांना बोलूच दिलं नाही. "मी दिली भाकर, बाईसाहेब. पाव भाकर आन पिठलं. खोटं बोललो तुमच्याशी."

"माहीत आहे," लीलाबाई म्हणाल्या. "काल उठल्या उठल्या तिनं पेजेची वाटी लोटून दिली. म्हणाली, आजोबांची भाकरी हवी. आमच्या तोंडचं पाणीच पळालं."

"आन आज?" त्यानं विचारलं. "ताप?"

"नाही ताप. काल डॉक्टर तीनदा आले, पोट तपासलं, आम्हाला वाटेल ते बोलले. आज सकाळीही ताप नाही, पोटही मऊ आहे. मग म्हणाले, द्या मऊ भात. तिनं वाटीभर खाल्ला, महिपती. वाटी पुसून खाल्ला. आता झोपलीय."

महिपती होता तिथंच, रंभीच्या पायाशी, खाली बसला. इतकं हलकं त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं. तो रडत होता आणि ते लपवायचं त्याला भानही नव्हतं.

"तुम्ही फार वाईट केलंत," लीलाबाई म्हणाल्या. "तिला काही झालं असतं तर मी तुम्हाला जन्मभर क्षमा केली नसती."

"व्हय, बाईसाहेब."

"आणि वर खोटं बोललात."

"व्हय."

एवढं बोलून झाल्यावर लीलाबाई ओट्यावर बसल्या आणि त्यांनाही रडू कोसळलं. वकीलसाहेब घसा खाकरून डोंगराकडं बघायला लागले. ही सगळी इथल्या हवेची करामत, असं त्यांचं मत होतं. डॉक्टरांचं म्हणणं, आपलं औषध लागू पडलं. लीलाबाईंना एकवीरेखेरीज कुणाचं नाव मान्य नव्हतं, आणि झुंबरबाईला मनातून वाटत होतं की पिठलं तिच्या हातचं होतं. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा एक कणही द्यायचा नाही, हे मात्र सगळ्यांच्या आधी महिपतीनंच शपथेवर सांगून टाकलं.

लीलाबाईंनी डोळे पुसले. तेव्हा झुंबरबाई हळूच म्हणाली, "परवा दुपारपासनं पान्याबिगर काय घेतलं न्हाई ह्यांनी."

"ताट वाढा त्यांना," लीलाबाई म्हणाल्या.

"जेवीन मागनं, बाईसाहेब. तुमी समोर आसताना कसं..."

"महिपती, चाळीस दिवस मी एकीला खा, खा म्हणतेय. आता दुसऱ्या कुणाला म्हणायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. जेवा."

झुंबरबाईनं ताट आणून ठेवलं. महिपतीनं घास मोडला, तोंडात घातला, पण घशाखाली काही जाईना. तो घास उतरेपर्यंत लीलाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.