हिरडा लावलेला गूळ

आमच्या पाटाचं गेट इंग्रजांच्या काळातलं. दोन्ही अंगांना घडीव दगडाची भिंत, भिंतीत उभ्या खाचा, त्या खाचांतून सागवानी फळ्या खाली सोडायच्या की पाणी अडायचं. सत्तर सालानंतर कधीतरी एका अंगाची भिंत ढासळली. कराडच्या खालची रानं त्याच पाण्यावर. सिमेंट मिळेना, म्हणून जुन्या रीतीनं चुन्यातच बांधायचं ठरलं. मी दगड बसवायला आणि आमची मंडळी चुना मळायच्या घाणीवर. बैल दगडी चाक ओढायचा आणि ती चरात हिरड्याचं पाणी, गुळाचं पाणी ओतायची. गुळानं चुना घट्ट धरतो.

तो गूळच कमी भरायला लागला. मुकादम थेट तिच्यावर घसरला.

"उद्यापासनं जाताना पदर झाडून दाखवायचा. न्हाईतर कामावर यायचं न्हाई."

तिनं सगळ्यांदेखत पदर झाडला. काही पडलं नाही, पण चोर म्हणून नाव पडलंच. माझं डोकं फिरलं. बैलवाला गूळ खातोय, असं मला वाटायचं. मग वाटायचं, राखणदार. कुणी पान चघळलं तरी मी त्याच्या तोंडाकडं बघत बसायचो.

ती म्हणाली, "आवं, लोकांची तोंडं काय बघताय? तोंडंच बोलत्याली."

सकाळी तिनं गुळाची ढेप फोडली आणि त्यात हिरड्याची तुरट पूड मळून ठेवली. चुन्यात दोन्ही जायचंच होतं, नुकसान कुणाचं?

दुपारी मुकादमाच्या चुलीवर चहा झाला. एक घोट घेतला आणि मुकादम थुंकलाच. तोंड वाकडं, डोळ्यांत पाणी.

"च्या हाय का काढा, रं?"

आमच्या मंडळीनं हातातली बादली खाली ठेवली नाही. "मुकादम, आता तुमी धोतर झाडून दावा."

बैलवाला असा हसला की बैल थांबला. पदराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पाणी सोडलं तेव्हा मी भिंतीला हात लावून सांधा न् सांधा बघितला. भरवसा कुणाचा धरायचा? पण थेंब गळला नाही.

त्यानंतर घरात चहाचा कप पुढं आला की मी विचारायचो, "हिरडा न्हाई न्हवं?" ती म्हणायची, "पिऊन बघा की."

औंदा ती गेली. आता चहा सून देते, साखरेचा. मी विचारत नाही. थोडा वेळ कपाकडं बघतो आणि पितो.