सुरुवातीची शिल्लक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचा लसूण सोलला. "सोलताय की ठेचताय?" म्हणत बायकोनं माझ्यापुढचं ताट ओढून घेतलं. पहाटे झोपेतच ती गेली.

महिन्यानं मुलीनं कॉम्प्युटरवर घरखर्चाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फुकटचं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, सगळ्यांचं असतं म्हणे. त्यानं पहिलंच विचारलं, सुरुवातीची शिल्लक किती? बँकेतली सांगितली, खिशातली सांगितली.

"आणि आईची डाळीच्या डब्यातली पुरचुंडी?"

"ती नाही लिहायची."

"बाबा, मग हिशोब खोटा होईल की!"

"होऊ दे."

माझी शाळा चौथीपर्यंत. पण बाईनं स्वतःचं म्हणून जे बाजूला ठेवलं, ते नवऱ्यानं मोजू नये, एवढं मला कळतं. ती पुरचुंडी मला ठाऊक आहे, हे तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आता ती नाही म्हणून मोजायचं, तर इतकी वर्षं मी तिला नुसता भ्यालो म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला. डाळीला कीड लागली होती. डाळ अंगणात उन्हाला घातली, डबा धुऊन पुसला आणि पुरचुंडी गाठ न सोडता परत तळाशी ठेवली.