राजे, टायगर आणि माझा चष्मा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो, कारण तिच्यात दोन पक्षी आहेत, ते दोन्ही निर्दोष आहेत आणि तिसरा मी आहे.

सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हाची गोष्ट. सोसायटी नवी, जिन्याचा रंग ओला, गच्चीवर केबलच्या वायरींचं जाळं. मे महिना लागला की एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवास-सवलत, घेऊन सगळी मराठी बिऱ्हाडं गावाकडे पळायची. मी माझी एलटीसी आधीच (मेहुणीच्या लग्नात) उडवून बसलो होतो, म्हणून मागे उरलो. आणि मागे उरलेल्या माणसाकडे लोक काय काय ठेवून जातात! किल्ल्या, तुळशी, पांढरे उंदीर, एक ससा. शिवाय दोन लव्हबर्ड, म्हणजे ते पोपटासारखे दिसणारे इवलेसे हिरवे पक्षी.

पहिला वरच्या मजल्यावरच्या इनामदारसाहेबांचा 'राजे'. इनामदार रिटायर झालेले, भरघोस मिशांचे, एकटे. कोल्हापूरची मुलगी "अब्बा, या ना" म्हणून कधीची मागे लागलेली, पण पक्ष्याला सोडून हे हलत नसत. आता नातू झाला, म्हणून कसेबसे तयार झाले.

"दातारसाहेब, झुरेल हो तो," पिंजरा देताना ते म्हणाले. "तुमच्याकडे आहे म्हणून जातोय."

दुसरा समोरच्या खऱ्यांचा 'टायगर'. हे नाव त्यांच्या पिंकीने ठेवलेलं.

"चावतो हं, भाऊजी," खरेवहिनी हसत म्हणाल्या. (चावणारं जनावर दुसऱ्याकडे ठेवताना माणसं अशीच हसतात.)

माझी सगळी नोकरी रेकॉर्ड सेक्शनमध्ये गेलेली. मी लगेच पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. 'इनामदार'. 'खरे'. सुवाच्य अक्षरात!

"अहो, जावक क्रमांक राहिला," आमची ही म्हणाली.

कूलर अर्थातच प्राण्यांपुढे. आम्ही दोघं ओले टॉवेल खांद्यावर टाकून बसायचो आणि ससा आमच्याकडे कीव आल्यासारखा पाहायचा. त्यात सांडलेल्या दाण्यांना मुंग्या लागल्या.

"पिंजरे धुवायला हवेत," ही म्हणाली. "पण पक्षी कुठे ठेवायचे?"

"मच्छरदाणीत!" मी म्हणालो. अशा कल्पना मला पटकन सुचतात.

पलंगावर मच्छरदाणी बांधली, कडा गादीखाली खोचल्या, दोन्ही पक्षी आत सोडले. पिंजरे घासूनपुसून लख्ख केले, चिठ्ठ्या कोरड्या ठेवल्या. मग मी पक्ष्यांना पकडायला चष्मा काढून (फुटायला नको!) चार पायांवर मच्छरदाणीत शिरलो. आणि मला कळलं, की चिठ्ठ्या पिंजऱ्यांवर आहेत. पक्ष्यांवर नाहीत!

दोन्ही हिरवे. दोन्ही पिवळ्या डोक्याचे.

"राजे!" मी हाक मारली. दोघांनीही मान वळवली.

"टायगर!" पुन्हा दोघांनीही.

तेवढ्यात गेलेली लाइट आली, कूलर धडाडला आणि मच्छरदाणी फुगून माझ्या तोंडावर बसली.

"अहो, तुम्हाला पकडू का आधी?" बाहेरून ही.

एक पक्षी कोपऱ्यात शांत बसून होता. दुसरा मात्र सारखा माझ्या नाकावर झेपावत होता. मी पुरावा तपासला. शांत तो इनामदारांचा, अंगावर येतो तो टायगर. निकाल दिला, पिंजऱ्यांची दारं लावली आणि स्वतःच्या हुशारीवर चहा प्यालो.

सुट्टी संपली, खरे परतले, इनामदारही परतले आणि आपापल्या चिठ्ठीचा पिंजरा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले, तर नाकाला चिकटपट्टी!

"राजे चावला," ते खिन्नपणे म्हणाले. "रोज माझ्या चष्म्यावर येऊन बसायचा हो. मिशीतला दाणा टिपायचा. आता जवळ गेलं की चोच मारतो. मी टाकून गेलो ना. आता नाही जायचा कुठे. कोल्हापूरला कळवलं तसं."

चष्म्यावर! म्हणजे मच्छरदाणीत तो बिचारा माझ्या नाकावर चष्मा शोधत होता!

मी तसाच खऱ्यांकडे धावलो. म्हटलं, चुपचाप अदलाबदल करून टाकू. तिथे खऱ्यांच्या आईच्या चष्म्यावर राजे विराजमान!

"काय वळण लावलंत भाऊजी!" वहिनी म्हणाल्या. "आता चावतसुद्धा नाही!"

"काका, टायगर अब मेरा होमवर्क भी देखता है!" पिंकी म्हणाली.

त्या पोरीच्या हातून तो पक्षी काढून घ्यायला वाघाचं काळीज हवं होतं. टायगर तर वरच्या मजल्यावर होता.

मग कबुली द्यायला वर गेलो. इनामदार तळहातावर दाणे घेऊन पिंजऱ्यापुढे बसले होते.

"रोज माफी मागतो त्याची," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

मी साखर मागितली आणि खाली आलो. पुढे कितीदा तरी असाच वर गेलो. आमच्याकडे साखरेचा डबा ओसंडून वाहू लागला!

पण इनामदार हटले नाहीत. बोटं फोडून घेतली, नाक फोडून घेतलं. थंडीचे दिवस आले आणि एका सकाळी वरून हाक आली, "दातारसाहेब, दौडो!"

गेलो, तर टायगर त्यांच्या चष्म्यावर बसून मिशीतला दाणा टिपत होता. इनामदारांचे डोळे भरले होते, पण पक्षी उडेल म्हणून पुसता येत नव्हते.

"राग गेला त्याचा!" ते कुजबुजले. "आता मे महिन्यात कोल्हापूर. ठेवाल ना याला?"

आता नाही तर कधीच नाही! मी म्हणालो, "इनामदारसाहेब, आधी मला माफ..."

टायगर उडाला, माझ्या चष्म्यावर बसला, वाकला आणि कडकडून चावला.

"आई गं!"

इनामदार मिशा थरथरेपर्यंत हसले. "माझ्यावरचा गेला, तुमच्यावरचा राहिलाय वाटतं! काय केलंत हो त्याचं?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्यानंतर ते दर मे महिन्यात गेले आणि शेवटी कायमचेच मुलीकडे राहायला निघाले. टॅक्सीत बसले, मांडीवर पिंजरा. मी खिडकीशी वाकलो. ठरवलं होतं, या वेळी वाक्य पुरं करायचं.

"इनामदारसाहेब, मला..."

पिंजऱ्यातून टायगरने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. माझा हात आपोआप नाकावर गेला.

"काय म्हणता?" इनामदारांनी विचारलं.

"सर्दी झालीय," मी म्हणालो.