यंत्र की पाणी

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. आमच्या गावच्या जकात नाक्यावर एक कारकून होते. गावात येणारा माल कोणत्या वर्गात बसतो हे ठरवताना ते त्याच्यावर तळहात ठेवून डोळे मिटत. "काय हाय ते नगं, काय होणार हाय ते बघायचं," असं म्हणत. कापडाच्या गठ्ठ्यात त्यांना एकदा लग्नाचा मांडव दिसला होता.

त्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या वस्तीसाठी मुंबई बंदरातून परदेशी बोअर मशीन आलं. यंत्र ठरलं, तर जकात भरेपर्यंत ते नाक्यावरच अडकणार होतं. वस्तीतल्या विहिरी आटल्या होत्या. बायका घागरी घेऊन नाक्यापर्यंत आल्या. कारकुनांनी पोलादी नळीवर हात ठेवला. बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

"पाणी हाय. पाण्याला जकात न्हाई. जाऊ द्या."

वस्तीत बोअर घेतला. पांढरी धूळ तेवढी उडाली. नगरपालिकेच्या साहेबांनी कारकुनांना बोलावलं, तेव्हा बातमीसाठी मी तिथेच बसलो होतो. प्रश्न त्यांच्या नोकरीचा होता.

"पाणी म्हणून सोडलंत. कुठंय पाणी?"

कारकून खिडकीबाहेर बघत होते.

"पाणी व्हायलंय, साहेब."